विमान वरून जाताना

तो शनिवार होता. जानेवारीतली कोवळी थंडी, आणि बसवनगुडीतल्या आमच्या व्हरांड्यात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा ढीग. बाबा शेंगा सोलत होते – म्हणजे सोलायचं निमित्त करून यशोवर्धनशी गप्पा मारत होते. पायलट लोकांना हातांशिवाय बोलताच येत नाही. बाबांचा उजवा तळवा विमान झाला, डाव्याच्या पाठी लागला, उलटा झाला आणि दाण्यांच्या पातेल्यावरून अगदी खालून गेला.

"सर, इथं तुम्ही स्वल्प उशिरा वळलात," यशोवर्धन म्हणाला.

"उशिरा वळलो म्हणून तर जिवंत आहे," बाबा म्हणाले आणि स्वतःवरच खूश होऊन हसले.

आईनं फक्त पातेलं जरा स्वतःकडे ओढून घेतलं.

बाबांनी सगळी नोकरी हवाई दलात काढली. आधी लढाऊ विमानं उडवली, शेवटची वर्षं इथं बंगळुरात नव्या विमानांच्या चाचण्या घेतल्या. निवृत्तीनंतर मात्र ते फक्त बाजारहाट करत, आणि तीही मोहिमेवर निघाल्यासारखी. यशोवर्धन अजून उडत होता. त्या सकाळी त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि लगेच शेंगांकडे. आदल्या दिवशी त्यानं मला लग्नाचं विचारलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. मी एक अट घातली होती...

आमची ओळख गांधी बझारातल्या डोशाच्या हॉटेलात झाली. गर्दी असली की तिथं अनोळखी माणसाच्या टेबलावर बसावं लागतं. मी एकटीच खात होते. समोर एक उंच मुलगा येऊन उभा राहिला, कन्नडमध्ये म्हणाला, स्वल्प सरकता का. मी सरकले. त्याचा डोसा आला तेवढ्यात आईचा फोन आला, मी मराठीत बोलायला लागले आणि त्याचा चमचा थांबला.

मग वरून एक लढाऊ विमान गेलं. लांबून, पण तो आवाज मी झोपेतही ओळखते. आजूबाजूच्या माना खिडकीकडे वळल्या. मी बोलता बोलता गप्प झाले, आवाज विरेपर्यंत तशीच राहिले, मग आईला म्हटलं, हां, काय म्हणत होतीस?

फोन ठेवल्यावर तो मराठीत म्हणाला, "तुमच्या घरात कुणी पायलट आहे काय?"

"का?"

"विमान गेलं की सगळे वर बघतात. पायलटच्या घरचे ताटाकडं बघतात."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी विचारलं, तुमचं मराठी असं कसं? त्यानं सांगितलं की त्याचे पूर्वज चारशे वर्षांमागं फौजेबरोबर इकडं आले, घोड्यावरून; परत जायचं राहूनच गेलं.

"आणि तुम्ही?"

"मी विमानात. आता घोडं कोण देतंय?"

मी हसले. मग बाबांचं नाव सांगितलं, तर तो डोसा अर्धा टाकून उभाच राहिला. सरांची व्याख्यानं त्यानं ऐकली होती. पुढच्या रविवारी तो आमच्याकडे आला. सरांना भेटायला – असं तो म्हणाला. त्यानंतर सर घरी नसतानाही यायला लागला. माझं ऑफिस सर्जापूर रोडला. तिथल्या वाहतुकीत मी तास न् तास अडकायचे आणि तो फोनवर मला विचारायचा, मॅडम, तुमची आत्ताची उंची किती, वेग किती. वेग शून्य, मी सांगायचे. सरी, ठीक आहे, मग लँडिंग छान झालं म्हणायचं, तो म्हणायचा. त्या रस्त्यावर अडकावं असं मला वाटायला लागलं तेव्हाच मी घाबरले.

कारण मी आईला पाहिलं होतं. बाबा हवेत असले की ती बाहेर जायची नाही. कधी येणार, असं आमच्या घरात कुणी विचारायचं नाही. भीती हा शब्द तर नव्हताच. आमच्या जगात वाईट बातमी फोननं येत नाही. गाडी येते. तिच्यातून गणवेशातले दोघे उतरतात, बरोबर ओळखीची एखादी बाई असते. मी शाळेत असताना एकदा तशी गाडी आमच्या गल्लीत वळली. आई पडद्यामागे उभी. गाडी आमच्या फाटकाशी मंदावली... आणि समोरच्या घराशी थांबली. आईच्या चेहऱ्यावर आधी सुटका उमटली, मग त्या सुटकेची लाज. मग ती चपला घालून समोर गेली आणि संध्याकाळपर्यंत परतली नाही. तिचा तो चेहरा मला माझ्यासाठी नको होता.

म्हणून मी यशोवर्धनला म्हटलं होतं, उडणं सोड, मग हो. त्याची बदली उत्तरेतल्या एका तळावर झाली होती, निघण्याआधी त्याला उत्तर हवं होतं.

"दुसरं काहीही माग," तो म्हणाला. "हे मागितलंस तर मी सोडेन, आणि मग रोज तुझ्याशी खोटं बोलेन, की बरं वाटतंय म्हणून."

शनिवारी दुपारी तो निघाला तेव्हा बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मला म्हणाले, पोरगं बरं आहे, वळतं वेळेवर. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी सकाळी बाबा आणखी अवरेकाई आणायला गेले. नेहमीच्या भाजीवाल्या अक्कांच्या शेजारी पायरीवर टेकले, स्वल्प बसतो म्हणाले, आणि उठले नाहीत. गाडी आली नाही, गणवेश आला नाही. बाबांच्याच फोनवरून अक्कांनी फोन केला. दर वर्षी तपासणीत डॉक्टर ज्या हृदयाचं कौतुक करत आले, ते कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी थांबलं.

यशोवर्धननं निघायचं लांबवलं. तो रोज यायचा. लोकांना कॉफी द्यायचा, दारातल्या चपला बाजूला करायचा, बाबांचा फोन वाजला की बाहेर जाऊन बाबा गेल्याचं शांतपणे सांगायचा. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. तेराव्यानंतर घर रिकामं झालं तेव्हा आई व्हरांड्यात येऊन बसली.

"इतकी वर्षं मी आभाळावर पहारा केला," ती म्हणाली. "आणि हा माणूस भाजी आणायला गेला."

मी तिचा हात धरला. ती रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांना मी कधी सांगितलं नाही गं, भीती वाटते म्हणून. वाटायचं, वर गेल्यावर त्यांना ते आठवलं तर? सगळी भीती एकटीनं खाल्ली. त्यांनाही वाटत असणार. दोघं एकाच घरात, आणि..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो उद्या सकाळी जातोय ना?"

सकाळी तो निरोप घ्यायला आला. फाटकाबाहेर टॅक्सी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवण्याच्या बेतात. यशोवर्धन आईच्या पाया पडला. मी फाटकापर्यंत गेले. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते, आणि हात खिशात होते... एरवी कधी नसायचे.

"मी विचारलेलं विसर," तो म्हणाला. "या दिवसांत उत्तर मागणं बरं नव्हे. तिकडं पोचल्यावर तुझ्या आईंना फोन करेन. तुला नको असेल तर तुला नाही करणार."

"यशोवर्धन."

तो थांबला. आमच्या घरात जो शब्द कुणी उच्चारला नव्हता तो जिभेवर येऊन अडला होता, आणि रस्त्यावर दूधवाला, शेजारच्या काकू, टॅक्सीवाला, सगळे जागे होते.

"मला भीती वाटते," मी म्हटलं. "तू उडशील त्या दर दिवशी वाटेल. मी ती गिळणार नाही, तुला सांगेन, आणि तुझीही ऐकेन. अट मी मागे घेते. मला तू हवा आहेस... उडणारा."