बुंदीची कावीळ

"अहो बाई, ते पाणी पाजू नका!"

नांदेडच्या धान्यबाजारात चालत्या टांग्यातून उडी मारून एक अनोळखी तरुण ओरडला, तशी सौदामिनी दचकलीच. निजामी अमदानीतली अखेरची वर्षं होती ती. मुलींच्या शाळेतली ही तरुण शिक्षिका मलूल पडलेल्या आपल्या कुत्रीला, बुंदीला, गोदामामागच्या डबक्यावर पाणी पाजत होती.

तो रेणुकादास — जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला नवा डॉक्टर. त्यानं बुंदीची पापणी हलकेच वर केली. आतलं पांढरं हळदीसारखं पिवळं!

"उंदरांच्या मुतातून ही कावीळ पाण्यात उतरते. डोळ्यांना न दिसणारे जंतू... एका कुत्र्याची दुसऱ्याला लागते, माणसालाबी लागते. हात दाखवा."

"भविष्य सांगता की काय?"

"जखम बघून राहिलो," तो हसला. तिच्या करंगळीवरचा ओरखडा जंतुनाशक कार्बोलिकनं धुताना त्याचे कान मात्र लाल झाले...

हैदराबादेहून बर्फात ठेवून पेनिसिलीन आलं. रोज एक सुई. रेणुकादासनं गल्लीतली बाकीची कुत्री दूर बांधायला लावली, डबकं बुजवून घेतलं. पाचव्या दिवशी बुंदी उठली आणि चक्क भाकरी मागू लागली. चिमूटभर औषधानं मरण मागं फिरलं होतं! भरल्या डोळ्यांनी सौदामिनीनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत थेट पाहिलं —

ते पिवळे होते.

"ताप हाय तुम्हाला?"

"हाय... चार दिवस झाले."

"माझे हात तपासलेत. आणि स्वतःचे?"

त्यानं खरचटलेला तळवा मुठीत लपवला.

तिनं त्याला टांग्यात घालून माणसांच्या दवाखान्यात नेलं. गावात कुजबुज झाली. ती रोज जातच राहिली. तिथंही तेच पेनिसिलीन! कुत्रीला नि माणसाला एकच औषध लागू पडतं, याचं तिला राहून राहून नवल वाटे. सगळ्या जिवांचं आतलं घर एकच की काय... नवव्या दिवशी त्याचे डोळे निवळले.

"रोज डोळ्यांत काय बघता?"

"कावीळ."

"आणि आज?"

"आज... न्हाई सांगणार."

घरी सोडायच्या दिवशी त्याच्या हातात एक सरकारी कागद होता.

"चाकूरला बदली झालीय," तो चाचरला. "तुम्ही... याल? म्हणजे, कायमच्या?"

सौदामिनीनं पदर सावरला. "मुलींची शाळा हाय तिथं?"

"न्हाई."

"मग जागा बघून ठेवा," ती म्हणाली. "निदान वीस पोरी बसतील एवढी."