सात नंबरवरचं वजन

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. आस्गर माझा शेजारी, बढाया मारणारा माणूस नव्हे. लेमवीच्या किनाऱ्यावर, नोव्हेंबरच्या तेरा तारखेला, मंगळवारी रात्री हे घडलं.

सात नंबरची पवनचक्की दुरुस्तीसाठी थांबवली होती. आस्गर पोरासाठी काळा पाव नि कॉफी घेऊन गेला, आणि जमलंच तर एक चाचणी उरकायची होती. वर गिअरबॉक्सपाशी त्याचा मुलगा माल्थ, खाली बुंध्यातल्या खोलीत आस्गर, मांडीवर लॅपटॉप. पोरानं गिअरबॉक्सवर हातोडा मारायचा आणि तो कसा थरथरतो ते बापानं आपल्या गणिती मॉडेलशी ताडून बघायचं.

"पाती अडवायची खीळ सरकवलीस? वर तुझं कुलूप लावलंस?" आस्गरनं वायरलेसवर विचारलं.

"हो बाबा. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, पाठ आहे मला."

"मार मग."

ठण्ण.

थरथर जुळेना. दबकी येत होती.

"गिअरबॉक्सला टेकलायस का रे, गाढवा?"

"नाही! व्हिलीकाका म्हणायचे तेच खरं, तुमचं गणित म्हातारं झालंय."

आस्गरनं मॉडेलमध्ये गिअरबॉक्सवर वजन वाढवून पाहिलं. पन्नास किलो... सत्तर... ऐंशीला रेघेवर रेघ बसली. म्हणजे एक माणूस. पोरगा तर साठ किलोचाही नाही. थट्टेसाठी कुणा मित्राला वर लपवलंय, असा त्याला दाट संशय आला.

"कोण आहे सोबत? खरं सांग."

"कोणी नाही."

"शपथ?"

"आईशपथ... बाबा, असं का विचारताय?"

पडद्यावर नवी रेघ उमटली.

"आत्ता ठोकलंस?"

"...मी नाही. हातोडा खाली ठेवलाय."



"उतर. सगळं सोड. उतर!"

शिडीवर बूट वाजू लागले. वारा चढला. रेघ थरथरत होती, पण वजन तिथंच. हलेना...

माल्थचे पाय जमिनीला लागले.

वजन गेलं.

वर कडकन काहीतरी तुटलं, आणि पाती मोकाट फिरू लागली.

सकाळी वर जाऊन पाहिलं. खीळ पोरानं अर्धीच सरकवली होती, ती मोडली होती. उरलेल्या तुकड्याला माल्थचं कुलूप. शेजारी आणखी एक, व्हिलीच्या नावाचं.

व्हिली त्या चक्कीचा जुना मेकॅनिक, आस्गरचा जिवलग. दोन वर्षांपूर्वी झोपेतच गेला. ते कुलूप किल्लीसकट शवपेटीत, त्याच्या कोटाच्या खिशात, आस्गरनंच ठेवलं होतं.

कापायला कुणी तयार नाही. अजून तिथंच आहे. बंद.