वरून गरम करून आण

मायक्रोवेव्ह आला तो रविवार होता. कुलदीपनं खोकं खांद्यावर घेतलं आणि कोपरखैरण्याच्या त्या अरुंद घराच्या जिन्यावरून, भिंतीला खरचटत, वरच्या मजल्यावर नेलं. मागून त्याची बायको तेजश्री, "अरे हळू ना, काच आहे," करत चढली. खाली स्वयंपाकघरात विजयमाला भाकऱ्या थापत होती. तिनं खोक्याचा कोपरा दिसेनासा होईपर्यंत पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

घर दोघा भावांचं. खाली थोरला कमळाकर, त्याची बायको विजयमाला आणि सासूबाई सुंदराबाई. वर धाकटा कुलदीप आणि तेजश्री. स्वयंपाक मात्र खालीच व्हायचा. तेजश्री घरूनच लॅपटॉपवर एका कंपनीचं काम करायची, तेव्हा तो विजयमालाच करायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून करत आली होती. तिच्या हाताला चव होती, आणि ती चव हाच तिचा घरातला मान होता.

कमळाकर एपीएमसीच्या मसाला मार्केटात मापाडी. हळदीनं पिवळी झालेली बोटं घेऊन तो दुपार टळल्यावर यायचा. पूर्वी विजयमाला त्याच्यासाठी गॅस पेटवून पुन्हा सगळं गरम करायची. आता तो पाय धुता धुताच म्हणायचा, "राहू दे, वरून गरम करून आणतो."

मग डोक्यावरच्या स्लॅबमधून यंत्राची घरघर यायची, पिक-पिक आवाज यायचा, आणि त्यामागून तेजश्रीचं हसणं. विजयमाला ओटा पुसत राहायची. पुसलेलाच पुन्हा.

सासूबाईंनाही ते यंत्र आवडलं. त्यांचं दूध वरून गरम होऊन येऊ लागलं, मग आमटी, मग सगळं ताटच.

"शेंगुळी लय भारी झाल्यात गं, तेजू," एकदा त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, मी केली ती," विजयमाला म्हणाली.

"व्हय की. पर गरम कुणी केली?"

सगळे हसले. विजयमालाही हसली. हातातला घास मात्र तिनं ताटात परत ठेवला.

त्याच दिवशी भांडी खाली आणून ठेवताना तेजश्री सहज म्हणाली, "ताई, शेंगोळी वळताना माझी आई पाट उलटा घ्यायची. तिची करंगळी वाकडी होती ना, लहानपणी विळा लागलेला. त्यामुळे तिच्या शेंगोळीला एका बाजूला बारीक खाच पडायची."

विजयमालाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तेजश्रीची आई तिनं पाहिली होती. कळव्याची, बँकेत नोकरीला, दोन्ही करंगळ्या सरळ. उलटा पाट, विळा आणि ती वाकडी करंगळी विजयमालाच्या आईची होती. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

बोलता बोलता आपणच कधीतरी सांगितलं असेल, असं तिनं मनाला समजावलं. ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती.

पण पुढच्या खेपेला ती हुलग्याचं पीठ मळून बसली आणि तिला शेंगोळी वळता येईना. पीठ तळहाताला चिकटलं, तुटलं, त्याच्या आळ्या झाल्या. हात जणू दुसऱ्याच कुणाचे होते. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"तेजूला हाक मार," त्या म्हणाल्या.

तेजश्री आली. रंगवलेल्या नखांनी तिनं पाट उलटा केला आणि बघता बघता ताटली भरली. तिची करंगळी आत वळलेली होती. प्रत्येक शेंगोळीला एका बाजूला बारीक खाच होती.

विजयमालानं मग परीक्षा घेतली. उडदाच्या डाळीचं घुटं केलं, ते आपल्याच गॅसवर चटका लागेल इतकं तापवलं आणि वाटी तेजश्रीच्या हातात दिली. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी तेच घुटं थंड पाठवलं. वर यंत्र घरघरलं. थोड्या वेळानं तेजश्री जिन्यातून उतरली ती जात्यावरची एक ओवी गुणगुणतच. विजयमालाच्या आईची ओवी. पुढची ओळ म्हणायला विजयमालानं तोंड उघडलं, आणि पुढे काहीच नव्हतं.

तिनं कमळाकरला सांगितलं.

"अगं, यंत्र आहे ते," तो म्हणाला. "पंखा आहे, टीव्ही आहे, तसं. तू उगाच जळतेस तिच्यावर."

 शेवटचं वाक्य खरंच होतं.

त्या दिवसापासून तिनं थंड अन्न वर पाठवणं बंद केलं. सगळं स्वतः गरम करायची, स्वतः वाढायची. पण जे गेलं ते परत आलं नाही. आमटीत मीठ किती घालायचं ते हाताला आठवेना. कमळाकरनं एक दिवस ताट अर्धं सोडलं.

"तुझ्या हाताची चव गेली बघ," तो म्हणाला. "जरा तेजूला विचारत जा. ती बरोबर करते."

विजयमालानं ताट उचललं. मोरीत पाणी सोडून तिनं तोंडावर पदर धरला. बाहेर तेजश्री सासूबाईंना काही सांगत होती आणि सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

चारच दिवस गेले असतील. तेजश्रीला कणकण आली. सकाळी तिनं जिन्यावरूनच हाक दिली, "ताई, पोटात काहीच ठरत नाही ओ. काहीतरी मऊ द्याल का?"

विजयमाला तांदूळ धुवायला लागली. धुता धुता थांबली.

गुरगुट्या भात या घरात राजनंदिनी गेल्यापासून शिजला नव्हता. नंदू, तिची आणि कमळाकरची एकुलती एक लेक, पी-पी वाजणारे बूट घालून घरभर धावणारी. तेजश्री या घरात यायच्या आधीच तापानं गेली, पुरती चार वर्षांचीही नव्हती. मग विजयमाला जेवेना, तेव्हा कमळाकरनं नंदूचा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवला आणि घरात कुणी तिचं नाव घेईनासं झालं. नंदूला हाच भात लागायचा. वाटीत दाबून बसवायचा, मधे बोटानं खळगा करायचा, त्यात तूप. "विहीर कल," म्हणायची. शेवटच्या दिवशीही म्हणाली होती. तो घास तिच्या ओठांवरच राहिला होता.

विजयमालानं तांदूळ गॅसवर चढवले. भात मऊ शिजू दिला, पळीनं घोटला, आणि निवू दिला. पार गार होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसली.

सगळं हवंय ना तुला, तिच्या मनात आलं. आईसुद्धा घेतलीस. मग हेही घे. बघू झेपतं का.

इथून वर गेलेलं परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण त्या घटकेला तिला फक्त तेजश्रीचा चेहरा पाहायचा होता.

तिनं वाटीत भात दाबला. मधे बोटानं खळगा केला.

"गार झालाय गं," वाटी देताना ती म्हणाली. "गरम करून घे."

वर दार लागलं. घरघर सुरू झाली.

विजयमाला जिन्याच्या पायरीवर बसली.

पिक-पिक.

मग वाटीत चमचा वाजला.

आणि मग तेजश्री रडली. मोठ्यानं, पोटातून, जसं माणूस एकदाच रडतं. सासूबाई, "काय झालं गं पोरी," म्हणत गुडघे धरून जिना चढल्या. विजयमाला बसून राहिली. छातीवरचं काहीतरी उचलून नेल्यासारखं तिला हलकं वाटत होतं. कशानं, ते कळेना.

दुपारी कमळाकर आला. तो आधी वर गेला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू सांगितलंस तिला?"

"काय?"

"विहिरीचं. भाताचं. नंदूचं सगळं. 'विहीर कल म्हणायची,' म्हणते. तुला नि मलाच ठाऊक होतं ते."

विजयमालानं त्याच्याकडे पाहिलं. तो हे काय बोलतोय, याचा ती खरोखरच विचार करत होती.

"कोण नंदू?" तिनं विचारलं.

कमळाकर खाली बसला. भिंतीला टेकला. 

वर तेजश्रीचं रडणं थांबलं होतं. आता ती हलक्या आवाजात कुणाची तरी समजूत काढत होती. मग स्लॅबवरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पी-पी वाजणारे बूट घालून कुणीतरी लहानसं धावत गेलं.

कमळाकरनं दोन्ही हातांनी कान झाकले.

विजयमाला मात्र वर बघत राहिली. केवढीशी पावलं. 

हेही तेजूलाच मिळालं, तिच्या मनात आलं. आपली कूस रिकामीच राहिली.