बाहेर गेले बहात्तर

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. जे पाहिलं ते लिहितो आहे. जे दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही, तेही.

सोळाशे पंच्याहत्तर साल. नोव्हेंबरची नववी तारीख. मंगळवार. जागा वेस्टमिन्स्टर, आमचं सभागृह.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

गावातल्या शाळेत मी आता मुलांना अक्षरं शिकवतो. मुलं विचारतात, "गुरुजी, तुम्ही खरंच पार्लमेंटात होतात? मग सोडलं का?" मी त्यांना पुस्तकाकडे बघायला सांगतो. लहान मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. तुम्हाला सांगतो.

माझा धाकटा भाऊ गिल्बर्ट. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून त्याला मांडीवर घेऊन मीच वाचायला शिकवलं. अक्षरांचं त्याला असं वेड लागलं की मोठेपणी त्याने छापखानाच काढला.

सभागृहात जे बोललं जातं ते बाहेर छापायचं नाही, असा आमचा कडक नियम. गिल्बर्टने एका सभासदाचं भाषण चार पानांत छापून विकलं. सभागृहाने त्याला तुरुंगात टाकलं. सभागृहच सोडेल तेव्हा सुटायचं.

सहा आठवडे झाले. तुरुंगात ताप शिरला. त्याच्या कोठडीतली तीन माणसं गेली. मग गिल्बर्टलाही ताप आला.

त्या मंगळवारी त्याच्या सुटकेचा अर्ज सभागृहापुढे यायचा होता. सकाळी सातला मी त्याला भेटायला गेलो. तो गवताच्या गादीवर पडला होता. हात हातात घेतला, तर चटका बसला.

"दादा, येतोय ना आज माझा अर्ज?"

"येतोय. चामड्याच्या कायद्यानंतर."

"म्हणजे मेलेल्या गाईचं कातडं आधी, मग मी." तो हसला आणि त्याला खोकला आला. बराच वेळ थांबेना. मग म्हणाला, "तू बोलणार नाहीस, ठाऊक आहे मला. आठ वर्षं नुसता बाक उबदार ठेवतोयस. नको बोलूस. फक्त ऊठ. उठशील ना?"

"उठेन."

"नक्की?"

"नक्की रे."

आमच्याकडे मत कसं देत, ते आधी नीट सांगतो. म्हणजे पुढचं कळेल.

ज्यांना ठराव हवा, त्यांनी जागेवरून उठायचं आणि दाराबाहेरच्या दालनात जायचं. ज्यांना नको, त्यांनी बसून राहायचं. दार लावून आधी बसलेले मोजायचे. मग दार उघडायचं, आणि बाहेर गेलेले एकेक करून आत येताना मोजायचे. दाराशी दोन मोजणारे, दोन्ही बाजूंचा एकेक. आकडा दोघांनी एकदम, मोठ्याने म्हणायचा.

यात एक गोम होती. बाक कमी, माणसं जास्त. जो उठला त्याची जागा गेली. परत येईपर्यंत तिथे दुसरा कोणी बसलेला असायचा. म्हणून कितीतरी जण नुसती जागा राखायला बसून राहत, आणि त्यांचं मत नकारात मोजलं जाई. आम्ही त्यावर हसायचो. माझी जागा तर फार चांगली होती. मागे भिंत, वारा लागत नसे, आणि शेजारी सर लायनेल व्रॅगबी. त्यांच्याच शब्दावर मी आमच्या गावातून निवडून आलो होतो.

आठला प्रार्थना झाली. मग चामड्याचा कायदा. बूट कोणत्या कातड्याचे असावेत यावर तीन तास गेले. मग एका पुलाचं भांडण निघालं. मी मिनिटं मोजत होतो. बाहेर धुकं दाटत होतं.

तीन वाजता शेजारच्या ॲबी चर्चचं घड्याळ वाजलं. समोरच्या बाकावरचे चेहरे दिसेनासे झाले होते. मेणबत्त्या आणायच्या तर त्यालाही ठराव लागायचा. त्यावरही दोघे बोलले. शेवटी दोन मेणबत्त्या आल्या.

आणि गिल्बर्टचा अर्ज वाचायला घेतला.

तेवढ्यात... दारापाशी कोणीतरी खोकलं.

मी मान वळवली. तो खोकला माझ्या ओळखीचा होता.

दारापाशी कोणी नव्हतं.

अर्जावर फार कोणी बोललं नाही. एक म्हणाला, छापखानेवाल्यांना धाक बसायलाच हवा. दुसरा म्हणाला, तुरुंगात ताप आहे, आपण त्याला मरायची शिक्षा दिलेली नाही. सव्वातीनला सभापतींनी मत पुकारलं. हवं असेल त्यांनी बाहेर जा.

माणसं उठली. मीही हॅट सावरली. अर्धा उठलोही होतो.

सर लायनेलनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस रे ॲम्ब्रोज. बघ तरी किती चाललेत. तुझ्या भावाचं काम झालंच समज. उगाच जागा कशाला घालवतोस?"

मी बघितलं. मधली वाट माणसांनी भरून गेली होती. त्या अंधुक उजेडात ते शंभरावर वाटत होते. माझ्या एकट्याने काय फरक पडणार होता?

मी बसलो.

दार लागलं. आतले मोजले.

बहात्तर. माझ्यासकट.

शंभरावर माणसं बाहेर गेली असती, तर आत एवढी उरलीच नसती. पण दार लागल्यावर उठून उपयोग नव्हता.

दार उघडलं. बाहेर गेलेले एकेक करून आत येऊ लागले. मोजणारे दोघे म्हणत होते, "एक. दोन. तीन."

चाळीस झाले. साठ झाले. वाटेतली गर्दी संपत आली.

"सत्तर. एकाहत्तर. बहात्तर."

आणि दार मोकळं झालं.

बहात्तर आणि बहात्तर. बरोबरी झाली तर निर्णय सभापतींचा, आणि ते नाहीच म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दारवान टोबी म्हातारा होता. त्याने दार लोटायला हात घातला.

दार हलेना.

मेणबत्त्यांच्या दोन्ही ज्योती एकदम आडव्या झाल्या.

दगडी फरशीवर पावलं वाजली... अनवाणी.

दोघे मोजणारे एकदम म्हणाले, "त्र्याहत्तर."

मी दाराकडेच बघत होतो. डोळ्यांची पापणी लवली नव्हती. दारातून कोणीही आत आलं नाही.

पण पुढच्या बाकावरच्या एकाने पाय आखडून घेतले. शेजारून कोणी जाताना घेतो, तसे. मग त्याच्या पुढच्याने. मग त्याच्याही पुढच्याने. त्यांचं बोलणं चालूच होतं. कोणी वर बघत नव्हतं.

पाय आखडत आखडत ते आमच्या रांगेपर्यंत आलं.

सर लायनेल कुरकुरले, "जरा सरका, त्यांना बसू द्या." कोणाला, हे त्यांनी पाहिलंही नाही.

मी सरकलो.

आमच्या दोघांच्या मधे एका माणसापुरती जागा झाली. ती रिकामी होती. पण माझ्या दंडाला त्या बाजूने धग लागत होती, तापलेल्या अंगाची लागते तशी.

मी हात लावला नाही. माझी हिंमत झाली नाही.

थोड्या वेळाने ती धग निवली.

ठराव एका मताने मंजूर झाला होता.

चिटणीस सुटकेचा हुकूम लिहीत होते, तेव्हा मी मोजणाऱ्या हॅस्केटना गाठलं. ते आमच्या विरोधातले. आम्हाला एक मत जास्त द्यायचं त्यांना काहीच कारण नव्हतं.

"शेवटचा कोण होता हो?"

"मी नाही ओळखत. हॅट नव्हती डोक्यावर. मला वाटलं, कोणी नवीन असेल." मग ते थांबले. "तुमच्याकडे बघत होता."

टोबीला विचारलं. तो कपाळ पुसत होता. "बाहेर गेले बहात्तर, साहेब. तीस वर्षं दार सांभाळतोय मी. चूक होणार नाही."

हुकूम हातात पडताच मी धावत सुटलो. तुरुंग फार लांब नव्हता. दार डॉकिनबाईंनी उघडलं. त्या तुरुंगाधिकाऱ्याच्या पत्नी. त्यांनी कागद घेतला आणि शेवटपर्यंत सावकाश वाचला.

"बसा, बाळा," त्या म्हणाल्या. मी तेव्हा चाळिशीचा होतो.

मी बसलो नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. सकाळपासून गिल्बर्टला मान उचलता येत नव्हती. दुपारी तो एकाएकी उठून बसला, मग उभा राहिला. भिंतीला धरून कोठडीच्या दारापर्यंत गेला. दार बंदच होतं. तो तिथेच उभा राहिला. रांगेत उभं राहतात तसा. मधूनमधून एकेक पाऊल पुढे टाकायचा. बाईंनी परोपरीने सांगितलं, झोप रे बाबा. तो म्हणाला, "थांबा, माझा नंबर येतोय." बराच वेळ तसाच उभा होता. मग दाराला टेकून खाली बसला.

पुन्हा उठला नाही.

बाईंनी हुकुमाची घडी घातली. "कागद आणलात ते बरं झालं. सभागृहाचा कैदी. कागदाशिवाय मेलेला माणूससुद्धा बाहेर सोडता येत नाही आम्हाला."

म्हणजे तो त्या एका मतावर घरी आला. दोघा हमालांनी फळीवर घालून आणला. मी डोक्याच्या बाजूला होतो.

पुढच्या आठवड्यात मी जागा सोडली. सभागृहाच्या वहीत त्या दिवसाचा आकडा त्र्याहत्तरच लिहिला आहे. सर लायनेलना पुढे एकदा विचारलं. त्यांना कोणाला जागा दिल्याचं आठवत नव्हतं.

एकच गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही.

निघताना मी बाईंना विचारलं होतं, तो उठून उभा राहिला तेव्हा किती वाजले होते? त्या म्हणाल्या, तीन. ॲबीचे ठोके पडतच होते.

आमच्याकडे मत पुकारलं सव्वातीनला.

तीन वाजता मी उठणारच होतो. शपथेवर सांगतो, उठणारच होतो. मी बसून राहणार हे तेव्हा माझं मलाही ठाऊक नव्हतं.

मग तो कशाला उठला?