गाळलेले अहो

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी गॅरेजमध्ये गाडीखाली होतो. मुलीचा फोन आला. "बाबा, आधी गाडीखालून बाहेर या. मग सांगते." तेवढ्यावरूनच कळलं.

बायको व्हिडिओवरून शिवणकाम शिकवायची. मोबाइल मी धरायचो. ती गेल्यावर शिकणाऱ्या बायका विचारू लागल्या, ताईंचं सगळं लिहून मिळेल का, मशीनशेजारी ठेवता येईल. मुलीनं व्हिडिओतलं बोलणं कॉम्प्युटरकडून उतरवून घेतलं. त्याचे लेख करायचं काम माझं.

बोललेलं जसंच्या तसं चालत नाही. "इथून असं वळवा" म्हटलं तर वाचणाऱ्याला काय कळणार? तिथे मी किती बोटं ते लिहायचो. "बरं का", "म्हणजे" गाळायचो.

"आणि ते 'अहो' पण काढा," मुलगी म्हणाली. "पानभर नुसतं अहो, अहो. लोकांना वाटेल, आई कुणाला तरी शोधतेय."

काढले. बायकोनं मला कधी नावानं हाक मारली नाही. अहो हेच माझं नाव. तरी काढले.

मग एका जुन्या व्हिडिओच्या उताऱ्यात मधेच ओळ दिसली: "अहो, मुंढा चुकलाय."

व्हिडिओ लावला. त्या जागी ती मान खाली घालून गप्प शिवतेय. फक्त मशीनचा आवाज.

"बाबा, खडखडाटालासुद्धा कॉम्प्युटर शब्द समजतो," मुलगी म्हणाली.

पटलं. तरी आदल्या दिवशी संपवलेला लेख काढून बघितला. मुंढा, म्हणजे बाही बसते ती गोलाई, पुढून जास्त खोल कापतात. मी मागून लिहिलं होतं.

व्हिडिओ वर्षापूर्वीचा. चूक आदल्याच दिवशीची.

दुरुस्त केली. गाळलेले अहो परत घातले, सगळे.

काल दुपारी शेवटचा व्हिडिओ लिहायला घेतला. त्यात ती माझाच शर्ट शिवतेय. उजवी बाही जोडून झाल्यावर म्हणते, "डावी उद्या." तिथे व्हिडिओ संपतो.

उतारा संपत नव्हता.

"अहो, शर्ट घालून बघा."

शर्ट मशीनवर तसाच पडून होता. घातला.

"हात वर करा."

केला.

"हलू नका. टाचणी लावतेय."

डाव्या खांद्यापाशी टोचलं. अगदी हलकं.

शर्ट अजून अंगावरच आहे. टाचणी मी काढलेली नाही. डावी बाही जोडायची राहिलीय.