चौदावी पायरी हलते

यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझी कवळी माझ्याच घशात अडको! अगदी जसं घडलं तसं सांगते.

"ताई, माझे बाबा चार महिन्यांपूर्वी गेले," नर्स म्हणाली. "आणि काल त्यांनी पायऱ्यांचं पान सुधारलं."

ती सांगत होती दाभणला. शोध लावायचा धंदा करणाऱ्या त्या बाईला सगळे दाभणच म्हणत, कुठेही आरपार घुसायची म्हणून. शेजारी तिचा दीर बसला होता. मनानं सोनं, डोक्यानं निवांत. तो खुर्चीसकट वहिनीकडे सरकला.

हे पान होतं वाटपोथीचं. गावातल्या वाटांची माहिती सगळ्यांनी मिळून मोबाईलवर लिहायची, कुणीही दुरुस्त करायची, खाली लिहिणाऱ्याचं नाव उमटायचं. सुरू केली ती या बाबांनीच. आता त्यांच्या नावानं आलं होतं: 'चौदावी पायरी हलते.'

"त्यांचा फोन कुठंय?"

"आईच्या उशाशी, आठवण म्हणून. पण ती एकटी उंबरा ओलांडत नाही. शेजारच्या काकू पडल्यापासून मीच बजावलंय. पहाटे मी ड्युटीला निघते तेव्हा ती झोपलेली असते. ताई, उद्या पोथी सांभाळणारं मंडळ बाबांची सगळी पानं पुसणार आहे. भुताचं मी तिला बोलले नाही, पण पानं जाणार हे ऐकल्यापासून ती जेवत नाही."

मंडळाचा प्रमुख होता औषधवाला. "भुताटकी असो की चावटपणा, लोक घाबरलेत. पुसणार म्हणजे पुसणार!"

"तुम्हीच लिहीत नाही ना?" दाभणनं विचारलं.

"मी? मी आधी माझं फाटक नसतं सुधारलं? दोन महिने झाले निळं करून. मेला लिहितो, 'हिरव्या फाटकाची कडी आता डावीकडे.' कडी बरोबर, रंग चूक!"

"भुतंसुद्धा अर्धवटच, वहिनी," दीर पुटपुटला.

"तुमच्या ओळखीची दिसतात, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पायऱ्या चढायला लागले. धुकं इतकं, की आपलाच हात आपल्याला दिसेना. चौदावी खरंच डुगडुगली. पंधरावीवर भाऊजी धापा टाकत थांबला. वरच्या बाजूला पावलं वाजली. संथ, न अडखळता दूर गेली.

दाभणचा फोन किणकिणला. मेलेल्याचं नाव.

'पंधरावीवर दोन माणसं थांबलीत. एकाला फार धाप लागते. इथे बाक हवा.'

"वहिनी!" भाऊजीची बोबडी वळली. "तो बघतोय आपल्याला!"

"या धुक्यात?" दाभण म्हणाली. "चला, नर्सच्या घरी. तिला आणि औषधवाल्याला बोलावून घ्या."

आईनं चहा दिला. भाऊजीनं तोंड वाकडं केलं. म्हातारीनं कपाच्या काठावरून बोट आत घालून चहा ओतला होता. खुंटीवर शाल होती. दाभणनं ती हातानं चाचपली. ओली.

सगळे जमल्यावर ती म्हणाली, "फोन घरात, तर लिहिणारंही घरातलंच. दुरुस्त्या काय? पायरी हलते, कडी डावीकडे, माणसाला धाप लागते. हे कळतं पायाला, हाताला, कानाला. नुसत्या डोळ्याला कळेल असं एकही नाही. रंग तेवढा जुना, आठवणीतला. धुक्यात आम्ही कुणाला दिसलो नसतो, ऐकू आलो. शाल धुक्यानं भिजलीय. आणि चहा कुठवर आला हे बोटानं बघावं लागतं ते कुणाला?"

नर्स पांढरीफटक पडली. "आई... तुला दिसत नाही?"

"दोन वर्षं झाली. नुसत्या सावल्या. त्यांना ठाऊक होतं. पायऱ्या मोजून पोथी त्यांनी माझ्यासाठीच सुरू केली. फोनला दोन मोठी बटणं करून दिली: एक दाबलं की पोथी बोलते, दुसरं दाबलं की मी बोललेलं पोथीत जातं. खाली नाव त्यांचं उमटतं, हे मला कसं दिसावं?"

"काकू, म्हणजे भूत तुम्ही?" औषधवाला म्हणाला.

"मेली नाही रे अजून!"

"मला का नाही सांगितलंस?" नर्सनं आईचे हात धरले.

"सांगितलं असतं तर खुर्चीला बांधलं असतंस मला. ती पानं गेली, की माझी सकाळ गेली. मग उरलं काय?"

औषधवाल्यानं घसा खाकरला. "पानं राहतील. नाव मात्र तुमचं घालू. आणि... फाटक निळं आहे, काकू."

नर्सनं खुंटीवरची शाल काढली, आईच्या खांद्यावर घातली. "जा, आई. मी मागे येणार नाही."

बरं, एवढं शेवटचं मी पदरचं घातलं. लेक लगेच 'जा' म्हणाली नाही. तीन दिवस दार अडवून उभी होती. चौथ्या सकाळी आईनंच तिचा चेहरा चाचपला, डोळे पुसले, तिला हळूच बाजूला सारलं आणि गेली.