कमानीखालची हाक

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मी तिथे होते. या कानांनी ऐकलंय.

१९३८ चा नोव्हेंबर. इंग्लंडात वॉरविकशायरमधला आमचा कालवा. काठावर एकच घर. कालव्याचे दरवाजे उघडून बोटी वर-खाली सोडणाऱ्या माणसाला कंपनीने दिलेलं. तिथे माझी अर्सुलामावशी आणि ईनॉककाका राहायचे. मी मदतीला गेले होते.

घराचं छत म्हणजे आडवं पाडून अर्धं चिरलेलं पिंप. बांधणाऱ्यांना पूल तेवढे येत होते, म्हणून घरावरही पुलाचीच कमान चढवलेली. तिच्याखाली आवाज फसवायचा. चुलीपाशी कुजबुजलं, तरी पार पलीकडे खाटेवर ऐकू यायचं.

"या घरात बायकोची निंदा करायची सोय नाही," काका म्हणायचा.

त्या संध्याकाळी दाट धुकं होतं. काका कालव्याचे दरवाजे बंद करायला गेला. आम्ही बटाटे सोलत होतो.

आणि...

"अर्सुला!"

हाक खाटेकडून आली.

"हा कधी आत आला?" मावशी उठली. पडदा सारला.

खाट रिकामी.

"चेष्टा पुरे हं, ईनॉक!" तिने वाकून खाटेखालीही पाहिलं.

पुन्हा हाक आली नाही.

काका बाहेर पाण्यात होता. हाक तिथूनची होती; कमानीने फसवलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

दफन झालं आणि कंपनीचे पेलोसाहेब आले. टोपीसुद्धा काढली नाही.

"घर नोकरीचं असतं, बाई. शनिवारी नवा माणूस येतोय."

"ख्रिसमसपर्यंत तरी राहू द्या, साहेब."

"मग त्याची पोरं काय काठावर झोपवू?"

मावशीला घराचं काही वाटत नव्हतं. पण रोज तिन्हीसांजेला...

"अर्सुला!"

खाटेकडूनच. मीही ऐकत होते.

आता ती खाटेकडे बघायचीही नाही. हातातलं टाकून थेट पाण्याकडे धावायची. तिथे कोणी नसायचं. पाणी हलतही नसायचं.

शनिवारी आईने तिला बर्मिंगहॅमला आमच्याकडे आणलं. मी शेजारी बसून असायचे. अंधारून आलं की ती कान टवकारायची.

काही नाही. नुसता रस्त्याचा आवाज.

"तिकडे तो हाका मारत असेल गं," ती म्हणायची. "आणि धावायला कोणी नाही."

फेब्रुवारीत ती गेली. हेच म्हणत.

उन्हाळ्यात नव्या माणसाची बायको, मिसेस डॅगली, मला तिकडच्या बाजारात भेटली. राहवलं नाही. विचारलं, "घरात कधी पुरुषाची हाक ऐकू येते का हो?"

"हाक? नाही बाई."

मग ती जवळ सरकली.

"पण संध्याकाळी दार उघडतं... आतून. कडी घातलेली असली तरी. आणि कोणीतरी बाई पाण्याकडे धावत जाते. बुटांचा आवाज येतो ना! परत आलेली मात्र कधी ऐकली नाही."

"फेब्रुवारीपासून?" मी विचारलं.

"छे! आम्ही आलो त्या शनिवारपासून."

त्या शनिवारी मावशी जिवंत होती. आमच्या खुर्चीत, माझ्यासमोर बसलेली.

मग धावत कोण होतं?

आणि तिकडे कोणीतरी धावतंय, हे मावशीला शेवटपर्यंत का कळलं नाही?